बोटीच्या विम्यात हिचं नाव

बायकोचं नाव मी आयुष्यात मोजक्या वेळा घेतलं. घरात 'अगं', बाहेर 'ही'. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेही अडखळत. बाकी घेतलं ते फॉर्मवर. अंबरनाथच्या कारखान्यात लागलो तेव्हा फंडाच्या कागदावर बाबूने विचारलं, तू गेल्यावर पैसे कुणाला? मी तिचं नाव सांगितलं. मग बँकेत तेच, ग्रॅच्युइटीला तेच. जिथे माझ्या मरणाचा विषय, तिथेच तिचं नाव. शिक्षण माझं सातवी, पण नॉमिनी हा शब्द मी लांबून ओळखतो.

गेल्या वर्षी मुलीने आम्हा दोघांची बोटीची तिकिटं काढली. मुंबईहून लक्षद्वीप आणि परत. हिने तोवर समुद्र काठावरूनच बघितलेला. मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, विमा पण काढू ना? कोण आजारी पडलं तर तिकिटाचे पैसे परत मिळतात."

मी म्हणालो, "कुणी आजारी पडत नाही. त्यांचे धंदे आहेत ते."

ही शेजारी बसून ऐकत होती.

मग तिने कॅम्प दोनच्या बाजारातून पंजाबी ड्रेस आणला. आयुष्यातला पहिला. बोटीवर वाऱ्याने साडी उडेल म्हणाली. मी म्हणालो, "या वयात? लोक हसतील." तर म्हणते, "लोक समुद्र बघतील. मला कोण बघतंय."

त्याच दिवसांत ती जिना चढताना मध्येच थांबायला लागली. थांबायची आणि पदराने कठडा पुसायची, जणू त्यासाठीच थांबली. मी वर दारात उभा राहून म्हणायचो, सोसायटीने झाडूवाली ठेवलीय ना. निघायला दोन दिवस राहिले होते. सकाळी कपडे वाळत घालता घालता ती खाली बसली, ती उठली नाही.

दहाव्याला शेजारीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, रागावू नका. मी त्यांना म्हटलेलं, छातीत दुखतंय तर डॉक्टरला दाखवा. तर म्हणाल्या, डॉक्टर बोटीला नाही म्हणेल, तिकिटं फुकट जातील. विमा पण नाही काढलेला. आल्यावर बघू."

तेव्हापासून हेंद्रेपाड्याच्या आमच्या घरात मी एकटा नसतो. भर दुपारी जिन्यात पावलं वाजतात, आमच्या मजल्याच्या खाली येऊन थांबतात. दार उघडून बघतो. कुणी नसतं. पलंगाखाली तिने भरलेली बॅग तशीच आहे. कधी कधी बॅगेची चेन सरकल्याचा आवाज येतो. मुलगी म्हणते उंदीर असेल. उंदराला चेन उघडता येत नाही.

यंदा मुलगी म्हणाली, "आमच्याबरोबर बोटीवर चला. किती दिवस भिंतीकडे बघत बसणार?" मी हो म्हणालो, कारण हिला जायचं होतं. विम्याला मात्र नाही म्हणालो. आता काढला तर तेव्हा चुकलो हे सहीनिशी लिहून दिल्यासारखं होणार. मुलगी म्हणाली, "या वेळी मी विचारत नाहीये." आणि मला धरून कॅम्प दोनला एजंटकडे घेऊन गेली.

एजंट सिंधी, माझ्याच वयाचा, तरी मला अंकल म्हणणारा. "बैठो अंकल. बोटीवर तब्येत बिघडली, हेलिकॉप्टर मागवावं लागलं, तर खर्च कोण देणार?"

"मला तिथेच समुद्रात टाका."

"उसका भी फॉर्म लगता है, अंकल."

मुलगी हसली. मीही हसलो. मग तो टाईप करत विचारायला लागला. "नॉमिनी?"

मी नाव सांगितलं.

"रिश्ता?"

"बायको."

"उमर?"

"चौसष्ट."

मुलगी माझ्याकडे वळली. "बाबा, आई नाहीये."

"माहितीये मला."

"आणि ती त्रेसष्टची होती."

"मधे वाढदिवस गेला ना तिचा."

एजंटची बोटं थांबली. "कोई बात नहीं, साईं," म्हणाला, आणि नाव पुसायला लागला. अक्षरं मागून एकेक जात होती. शेवटी पहिलं तेवढं राहिलं, मग तेही गेलं. त्या जागी मुलीचं नाव आलं.

"कोई बीमारी? शुगर, बीपी, हार्ट?"

मुलगी माझ्या आधी बोलली. "काही नाही. बाबा ठणठणीत आहेत."

दोन महिने झाले, चालताना माझी छाती आवळते, डाव्या हातात कळ उतरते. मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर बोट गेली. एजंटने 'नाही'वर बाण नेऊन ठेवला होता, दाबायचं बाकी होतं. माझ्या पाठीमागे कुणीतरी दम लागून थांबावं तसं मला वाटलं. मागे वळलो नाही.

"थांबा," मी म्हणालो. "छातीत दुखतं. दोन महिने झाले. लिहा ते."

एजंटने हात बाजूला घेतला. "मग पहिले डॉक्टरचा कागद, अंकल. विमा बाद में. बोटीचं पण तोच सांगेल."

"नाही म्हणाला तर नाही जाणार."

मुलगी उठली, पर्स खांद्याला लावली. "चला. आत्ताच दाखवायचं."

रिक्षात ती बाहेर बघत बसली. तिकडेच बघत म्हणाली, "तुम्ही पण आईसारखंच करणार होतात."

मी म्हणालो, "हो."