देवळाच्या पायरीवर कुणीतरी शेजारी बसलं

त्या आठवड्यात मी देवीसमोर हात जोडणं सोडलं होतं. सासूबाईंना वाटलं, मला बाहेरचं काही लागलंय. मी जेवत नव्हते, जरा डोळा लागला की दचकून उठत होते आणि विहिरीवर जाऊन पुन्हापुन्हा अंग धूत होते. खरं काय घडलं होतं ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आमचा पाडा तलासरीकडचा. नवरा गुजरातेत मासेमारीच्या बोटीवर खलाशी, पावसाळा सोडला तर घरी नसतोच. मी डहाणूजवळच्या एका वखारीत चिकू निवडायला जायचे. संध्याकाळी एक टेम्पो आम्हा बायकांना पाड्यापाड्यांवर सोडायचा. सगळ्यात शेवटी उतरायचे ती मी. त्या दिवशी टेम्पोवाल्याने रस्ता सोडून गाडी एका ओसाड वाडीत घातली. पुढचं मी लिहिणार नाही. मी ओरडले नाही, एवढंच मला नंतर आठवत राहायचं. हात होते, गळा होता, तरी मी दगडासारखी पडून राहिले. मग मलाही ते चालणार होतं का, असं माझंच मन मला विचारायचं आणि मी आणखी खचत जायचे. मी लहानपणापासून देवीची. त्या वाडीतही मनात तिचंच नाव घेतलं होतं. कुणी आलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, भगताकडे नंतर जाऊ, आधी देवीची ओटी भरू. चारोटीजवळच्या देवळात आम्ही दुपारी पोचलो. पायऱ्यांपाशी माझे पाय थांबले. अशा अंगाने आत कसं जायचं, असं वाटलं. "तुम्ही जा, मी येते मागून," म्हटलं. त्या आत गेल्या आणि तेवढ्यात मागे कुणीतरी टेम्पो चालू केला. तोच आवाज. माझा श्वास अडकला, अंग थरथरायला लागलं आणि मी पायरीवरच बसले. कुणी म्हणालं, "अंगात येतंय वाटतं." एका म्हातारीने तर मला हात जोडले.

तेव्हा एक बाई थांबली. माझ्याहून थोडी मोठी, खांद्याला ऑफिसची बॅग, हातात नारळ.

"मी इथे बसू का?" तिने विचारलं आणि मी मान हलवेपर्यंत ती उभीच राहिली. मग हातभर अंतर सोडून बसली. "पाय जमिनीला टेकवा. दाबून. पायाखाली काय लागतंय?"

"फरशी," मी कशीबशी म्हणाले. "गरम आहे."

"आणि ऐकू काय येतंय?"

"घंटा… कुणाचं तरी पोर रडतंय."

असं विचारत विचारत तिने माझा श्वास जागेवर आणला. पाणी दिलं. सरकारी रुग्णालयात बायकांशी बोलायचं, त्यांना धीर द्यायचं काम करते, म्हणाली. तलासरीची बैठक रद्द झाली म्हणून परतताना वाटेत उतरली होती. काय झालं, असं तिने विचारलंच नाही. "सांगावंसं वाटलं तर सांगा. सगळं सांगायलाच पाहिजे असं नाही," एवढंच म्हणाली. बहुतेक त्यामुळेच मी बोलले.

"टेम्पोवाल्याने जबरदस्ती केली. पण ताई, मी ओरडले नाही."

"फार भीती वाटली की शरीर असं गोठतं. ते आपल्या हातात नसतं. तो होकार नव्हता."

"देवीला चालेल का मी आत गेलेली?"

"देवीचं मी कसं सांगू? पण जे झालं ते तुम्ही केलेलं नाही, एवढं मला नक्की माहीत आहे."

सासूबाई प्रसाद घेऊन आल्या. ताईंनी मला हळूच विचारलं, "यांना तुम्ही सांगाल, मी सांगू, की आज नको?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा. ऐकून सासूबाई आधी म्हणाल्या, "गप्प बस गो, पाड्यात कळता कामा नये." ताई शांतपणे म्हणाल्या, "तक्रारीचं ती नंतर ठरवेल. पण दिवस राहू नयेत, आजार लागू नये म्हणूनची औषधं आजच मिळाली तर बरं. तुम्ही सोबत असलात तर तिला बळ येईल." सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग प्रसाद पदराला बांधून म्हणाल्या, "चल. मी आहे."

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक वेळी विचारूनच हात लावला. मी थांबा म्हटलं की थांबल्या. तक्रार मी काही दिवसांनी, माझ्या मनाने दिली. खटला चालू आहे. काय होईल ठाऊक नाही. पाड्यात बोलणं झालंच. सासूबाईंनी हापशीवर बायकांना एकदाच सुनावलं, "विचारायचं ते मला विचारा." नवरा आला तेव्हा त्याला मी रुग्णालयात ताईंच्या खोलीतच सांगितलं. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "मी त्याला जिवंत सोडणार नाही." मी म्हटलं, "मला तू घरात हवास, तुरुंगात नको." तो रडला. त्या हंगामात बोटीवर गेला नाही.

झोप लगेच परत आली नाही. आठवड्याला डहाणूला ताईंकडे जायचे, मग महिन्याने, मग नुसता फोन. अजूनही कधीकधी गाडीच्या आवाजाने छाती धडधडते. पण आता मला ठाऊक असतं की ते ओसरेल.

ताईंना देवीनेच पाठवलं का, असं मी त्यांना एकदा विचारलं. त्या हसल्या, "माझी बैठक रद्द झाली होती. बाकी मला माहीत नाही." मलाही माहीत नाही. वाडीत कुणी का आलं नाही, हेही कळलेलं नाही आणि कळलं पाहिजे असा हट्टही आता नाही. पूर्वी वाटायचं, शरण जाणं म्हणजे मुकाट सोसणं. आता वाटतं, जे आपलं नव्हतंच ते उराशी धरून न बसता खाली ठेवणं, आणि कुणी पाठीशी उभं राहिलं तर राहू देणं. त्या माणसाचं पाप मी माझं समजून वाहत होते. ते देवीच्या पायाशी ठेवलं. तिचे उपकार मानायला मला एवढं पुरेसं आहे.

परवा गाभाऱ्यात बराच वेळ उभी होते. बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "एवढं काय मागत होतीस?"

"काही नाही," मी म्हटलं. "नुसती उभी होते."