नर्सरीतला बंद ट्रॅक्टर

आमच्या ह्यांना बंद पडलेल्या वस्तूंचा भारी सोस. वर्कशॉप सोडून घरी बसल्यापासून तर विचारायलाच नको. अंगणात एक पंप आहे, त्याला पाणी ओढणं सोडून सगळं येतं. दोन शिलाई मशिनं आहेत, एक स्कूटर आहे, आणि एक यंत्र असं आहे की ते कशाचं हे ह्यांनाही सांगता येत नाही. वस्तू आधी अंगणात येते आणि मग मला कळते, अशी आमच्या घरची रीत. मी आदळआपट करते, ते निमूट ऐकून घेतात आणि वस्तू राहते.

म्हणून त्या सोमवारी जेवताना त्यांनी "आपण तो नर्सरीतला ट्रॅक्टर घ्यायचा का?" असं विचारलं, तेव्हा माझा घास हातातच राहिला. पस्तीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने मला असं आधी कधी विचारलं नव्हतं.

"तो?" मी म्हटलं.

"तोच."

तो म्हणजे कुठला, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून रोपांची नर्सरी होती. तिचा मालक सोळा वर्षांपूर्वी आपल्याच अंगणात, आपल्याच छोट्या ट्रॅक्टरखाली सापडून गेला. त्या दिवशी ट्रॅक्टर ढकलून शेडमध्ये घातला, तो तिथेच राहिला. आता त्याची बायको जागा सोडून जाणार होती आणि शनिवारी भंगारवाला यायचा होता.

मी सरळ सांगितलं, की ज्याने माणूस खाल्ला ते यंत्र माझ्या दारात नको.

"छोटाच आहे गं," ते म्हणाले. जणू माझी तक्रार त्याच्या आकाराबद्दल होती.

ट्रॅक्टर हा खरं तर ह्यांचा हातखंडा. सोळाव्या वर्षी वर्कशॉपमध्ये लागले, आणि पंचविशी गाठेपर्यंत रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा नुसता आवाज ऐकून त्याचं दुखणं सांगायचे. लोक त्यांना मिस्त्री म्हणतात ते तेव्हापासून. मग एक दिवस अचानक त्यांनी ट्रॅक्टरची कामं घेणं बंद केलं. कंबर धरते म्हणाले. मी वर्षभर त्या कंबरेला शेक दिला. तरी रस्त्यावर कुणी डिझेल इंजिन सुरू केलं की ते हातातलं काम टाकून भिंतीला टेकायचे आणि गाडी लांब जाईपर्यंत तसेच राहायचे. झोपेत त्यांचा डावा पाय एकदम खाली दाबला जायचा, पलंग हलायचा. मी म्हणायचे, शिरा आखडत असतील. शहाण्यासारखी वाटणारी कारणं मला चटकन सापडतात.

पुढचे तीन दिवस त्यांनी माझा जीव खाल्ला. कागदावर यादी करायची: इंजिन जाम असणार, मागचे टायर गेले असणार, सुटे भाग आता मिळत नाहीत. मग तोच कागद फाडायचा. "घ्यावा का?" मी नाही म्हणायचे. तासाभराने पुन्हा, "की नको?" त्यालाही मी नाहीच म्हणायचे. जेवण निम्म्यावर आलं. आवडीची वस्तू आणताना हा माणूस लग्नाला निघाल्यासारखा असतो, आणि इथे दवाखान्याचा कागद यायचा असल्यासारखं तोंड. शुक्रवारी दुपारी म्हणाले, "बघून तर येऊ. तूही चल."

भंगार बघायला मला कधी नेलं नव्हतं. मी चपला घातल्या.

नर्सरीवाल्या बाई फाटकातच उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या, पण वाळून गेलेल्या. ह्यांना पाहून म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही? तुम्ही ट्रॅक्टर सोडलेत असं ऐकलं होतं."

"हो, वहिनी," हे म्हणाले आणि मान खाली घालून शेडकडे चालू लागले.

बाईंनी कुलूप काढलं, पत्र्याचं दार ओढलं आणि तिथेच, उंबऱ्याबाहेर थांबल्या. आत रोपांचे रिकामे ट्रे छतापर्यंत रचले होते आणि त्यांच्या मधोमध तो उभा होता. खरंच छोटा होता, माझ्या खांद्याइतका. पुढचं एक चाक बसलेलं, सीटच्या फोमात उंदरांनी घर केलेलं, दिव्यांच्या काचांवर सोळा वर्षांची धूळ. किल्ली अजून जागेवर होती. ती कुणीच काढली नव्हती. मला तिथून पळून जावंसं वाटलं, हे कबूल करते.

मी ह्यांना जुनी यंत्रं बघताना शंभरदा पाहिलंय. आधी तेल बघतात, मग इंजिन हाताने फिरतंय का ते बघतात, मग नुसतेच लाडाने थोपटतात. ह्या ट्रॅक्टरच्या इंजिनाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ गुडघ्यावर बसले, क्लचच्या पायट्याखालचा पत्रा उघडला आणि मला बॅटरीचा उजेड धरायला सांगितला.

आत दोन वायरी होत्या, एकमेकींना पिळून जोडलेल्या. जोडावर काळी टेप आणि टेपवर घट्ट गुंडाळलेला मरून दोरा.

तो दोरा माझा होता. शाळेचे गणवेश मी त्याच दोऱ्याने शिवायचे. टेप उष्णतेने सुटते म्हणून हे तिच्यावर माझा दोरा गुंडाळायचे, आणि रीळ कुठे गेलं म्हणून मी घर डोक्यावर घ्यायचे. दुसरा कुठलाही मिस्त्री असं करत नव्हता.

"हे काय आहे?" मी विचारलं. आवाज आपोआप खाली गेला होता.

त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं. क्लचखाली एक स्विच असतो. पाय क्लचवर असल्याशिवाय तो इंजिन सुरू होऊ देत नाही. तो स्विच खराब झाला होता. लागवडीची घाई होती, नवा यायला आठ दिवस होते, नर्सरीवाला काकुळतीला आलेला. "मी स्विच काढून वायरी डायरेक्ट जोडून दिल्या. सगळेच करतात. म्हटलं, नवा आला की बसवून देतो." नवा स्विच आला. ड्रॉवरमध्ये पडला. मालक आला नाही, हे गेले नाहीत. चार महिन्यांनी मालकाने खाली उभं राहूनच किल्ली फिरवली. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता, सुरू होताच अंगावर आला. "कुणी मला काही विचारलं नाही. एकानेही नाही."

मी बॅटरी त्यांच्या हातात दिली आणि बाहेर आले. मला हवा हवी होती.

बाई तिथेच होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ताई, घेणार असाल तर घ्या, पण आधी सांगते. कुणी नंतर सांगण्यापेक्षा मीच सांगते. आदल्या संध्याकाळी ट्रॅक्टर मी लावला होता. ट्रे हलवले आणि गिअरमध्येच ठेवून चूल पेटवायला गेले. त्यांना मीच मारलं."

त्या पुढे बोलत राहिल्या. सासू मरेपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. मुलगा तेव्हा चौदाचा होता. तो एवढंच म्हणाला होता, तूच ठेवला होतास. मग तो मामाकडे राहिला आणि पुढे नोकरीला लांब गेला. महिन्यातून एकदा फोनवर प्रकृती विचारतो, दोन मिनिटं.

आता माझी लायकी सांगते. मी परत आत गेले आणि ह्यांच्या कानाशी म्हटलं, "घेऊन टाका. आजच उचलू. काय मागतील ते देऊ, पण चला." चार दिवस नाही म्हणणारी मी. ट्रॅक्टर आमच्या अंगणात आला, की तो जोड आणि तो दोरा दोन्ही कायमचे आमचे, कुणाच्या नजरेस पडायचे नाहीत. पण बाई बाहेर काय म्हणाल्या, तेही मी त्यांना सांगितलं. का सांगितलं, ते मला आजही कळत नाही. न सांगता राहवलं नाही एवढंच.

ते ऐकून हे ट्रॅक्टरच्या चाकाला धरून उठले. त्यांना उठायला बराच वेळ लागला.

"नाही घेत," ते म्हणाले. "घरी नेण्यासाठीच आलो होतो. तुला आणलं, म्हणजे तू नको म्हणशील आणि सुटेन, असंही वाटत होतं. पण आता घरी नेला तर हे कुणाला कधी कळणार नाही." मग दाराकडे वळून त्यांनी हाक मारली, "वहिनी, आत या. तुम्हाला एक दाखवायचंय."

बाई सोळा वर्षांत पहिल्यांदा तो उंबरा ओलांडून आल्या. ह्यांनी बॅटरी धरून सगळं दाखवलं. वायरी, जोड, दोरा. स्विच ड्रॉवरमध्ये पडून होता तेही सांगितलं. काही हातचं राखलं नाही, रडले नाहीत, माफीही मागितली नाही.

बाईंनी दोनच प्रश्न विचारले.

"स्विच असता तर गिअरमध्ये असूनही सुरू झाला नसता?"

"खाली उभं राहून नाही. कधीच नाही."

"हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"त्याच दिवशी."

बाई ट्रेच्या थप्पीवर टेकल्या. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि द्याव्यात असंच वाटत होतं.

"तीन गल्ल्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही तीन गल्ल्या सोडून राहता, मिस्त्री."

मग त्यांनी फोन काढला, नंबर लावला आणि ह्यांच्या हातात दिला. "माझ्या मुलाला सांगा. मला सांगितलंत तसंच. मी सांगितलं तर त्याला खरं वाटणार नाही."

ह्यांनी फोन कानाला लावला. "मी मिस्त्री बोलतोय," अशी सुरुवात केली आणि लागवडीच्या घाईपासून ड्रॉवरपर्यंत सगळं पुन्हा सांगितलं. मग ह्यांनी फोन कानापासून काढून बाईंपुढे धरला.

"तुमच्याशी बोलायचंय म्हणतोय."

आम्ही बाहेर आलो. आतून फक्त "हो," आणि थोड्या वेळाने पुन्हा "हो" एवढंच ऐकू येत होतं. दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. आम्ही फाटक लावून घेतलं.

रस्त्यात हे माझ्या मागून चालत होते. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी म्हणाले, "तू काहीच बोलत नाहीस."

सोळा वर्षं त्या पलंगावर मी शेजारी होते. त्या कंबरेला शेक मी दिला होता.

"बोलेन," मी म्हटलं. "आज नाही."