बाबांचा कॅशे

आमचे बाबा हाताने बोलायचे. कॉम्प्युटर अडकला की दादाला पट्टा, नाही अडकला तरी पट्टा. दादा दोन्ही हात डोक्यावर धरून टेबलाखाली शिरायचा आणि मी, धाकटी, दाराआड दातओठ खात उभी. त्याच टेबलावर बसून बाबांनी कर्नलसाठी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी, कॅशे लिहिला. डिस्क संथ, म्हणून फाइलची प्रत मेमरीत ठेवायची आणि सवडीने डिस्कवर उतरवायची. लोकांनी वाहवा केली. डोंबलाची वाहवा!

दादाही पुढे कर्नलच्याच कामात शिरला, मीही. जुना, निकामी कोड उपटायचा हे त्याचं काम. ऑफिसात त्याला 'जल्लाद' म्हणायचे. घरी मात्र त्याने कधी आवाजही चढवला नाही. लेक झाली तेव्हा तिला छातीशी धरून मला म्हणाला, "छोटे, हा हात कुणावर उठला ना, तर मीच तोडून टाकीन."

यंदा एका दवाखान्यात आक्रित घडलं. कर्नलमध्ये नवा कॅशे आला होता, पण बाबांचा जुनाही तसाच चालू होता. डॉक्टरांनी एका बाईच्या औषधाचा डोस निम्मा केला. नव्या कॅशेने तो डिस्कवर लिहिला, आणि मागाहून बाबांच्या कॅशेने आपली शिळी प्रत त्यावर थापली. बाईला पूर्ण डोस गेला. ती मेली.

दादाने आठवडाभर खपून आपल्या लॅपटॉपवर बाबांच्या चार हजार ओळी काढल्या. पण आमच्याकडे रीत अशी, की कोड ज्याच्या नावावर त्याने हो म्हटल्याशिवाय एक ओळ हलत नाही. नाव अजून बाबांचंच. शुक्रवारी नवी आवृत्ती निघणार होती. बाबा नाही म्हणाले, तर तोच कॅशे आणखी शेकडो दवाखान्यांत जाणार होता.

गुरुवारी दुपारी दादा लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर बसला. मी शेजारीच होते, लेक फरशीवर चित्र रंगवत होती.

"माझ्या कोडला हात लावतोस? लायकी आहे तुझी?"

"बाबा, माणूस मेलंय."

"मरू दे! डॉक्टर गाढव असतील."

आणि बाबांची काठी सणकन दादाच्या बोटांवर बसली. हाड मोडल्याचं मी ऐकलं. दुसरी कानावर. रक्ताची धार लागली, तरी दादा जागचा हलला नाही. तिसरी उगारली तेव्हा मात्र तो उठला आणि त्याने बाबांच्या तोंडावर अशी ठेवून दिली, की ते खुर्चीसकट भिंतीवर आदळले. एक दात फरशीवर पडला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. जन्मभर मी त्या फटक्याची वाट पाहिली होती.

बाबा तोंड पुसत उठले. "दाखव," एवढंच म्हणाले. दादाने धड हाताने चाचणी चालवली. तीनदा चालवली, तिन्ही वेळा शिळी प्रत नव्यावर बसली. बाबांनी लॅपटॉप ओढला आणि रक्ताळलेल्या बोटांनी लिहिलं, "चूक माझी. काढून टाका."

शुक्रवारी आवृत्ती निघाली. दादाला अभिनंदनाचे फोनवर फोन. संध्याकाळी मी गेले तेव्हा त्याच्या हाताला प्लास्टर होतं आणि लेक टेबलाशी अभ्यास करत होती. तिचे केस डोळ्यांवर आले होते. ते सारायला त्याने चांगला हात पुढे केला.

तिने दोन्ही हात डोक्यावर धरले आणि ती टेबलाखाली शिरली.