टाकी मी बंद केली होती

छोट्या सेठने माझ्या डोक्यावरचं हेल्मेट काढून घेतलं. बाजूला टाकीतून उपसलेल्या गाळाची बादली होती. त्याने हेल्मेट बादलीत बुडवलं, काठोकाठ भरलं आणि माझ्या डोक्यावर उलटं केलं.

गाळ केसांतून कपाळावर आला. डोळ्यांत गेला. ओठांवर उतरला. कुजलेलं तेल, सडकी अंडी. मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"आता सांग," तो म्हणाला. "किती गॅस आहे? तुमच्या लोकाइचं नाकच मीटर असते. पिढ्यान्‌पिढ्या हाच वास घेऊन राहिले. मशीन कायले पाहिजे तुले?"

कोणीतरी हसलं. बाकीचे आपल्या बुटांकडे बघत उभे राहिले. माझ्या हातातला गॅस मीटर अजून किंचाळत होता. त्याचा लाल दिवा लागत होता, विझत होता. सेठने तो माझ्या हातातून ओढला आणि भिंतीवर आपटला. किंचाळणं बंद झालं.

कारखाना खाद्यतेलाचा. वर्धा रोडवर, मिहानच्या पुढे. मी तिथे सेफ्टी ऑफिसर होते. कायद्याने ठेवावा लागतो म्हणून ठेवलेली. मुलाखतीत मोठ्या सेठने आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग आजोबांचं गाव. मग म्हणाला, "म्याडम, आपल्याले फक्त फेरी मारायची. बाकी कारखाना आम्ही चालवून राहिलो."

मी फेरी मारायचे. रोज. मशीनवरचं गार्ड काढलेलं दिसलं की मशीन थांबवायचे. उंचावर चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा नसला की खाली उतरवायचे. वायर उघडी, आग विझवायचं नळकांडं रिकामं, जिन्यावर तेल. सगळ्यांना माझा कंटाळा यायचा. येऊ दे. त्या दिवशी फेरीत सांडपाण्याच्या टाकीचं झाकण उघडं दिसलं. तळाशी पंप अडकला होता आणि तो मोकळा करायला रामाजीला उतरवायची तयारी चालली होती. साध्या दोराने. मी मीटर आत सोडला. आत मरण होतं. मी झाकण लावलं, साखळी घातली, कुलूप ठोकलं, लाल पाटी अडकवली. सांगितलं, आधी ब्लोअरने हवा सोडा, पुन्हा मोजा, मग बोलू. पंप बंद म्हणजे अर्धा कारखाना बंद. म्हणून छोटा सेठ स्वतः आला होता. त्याचं उत्तर माझ्या डोक्यावरून वाहत होतं.

रामाजीने मला नळापाशी नेलं. मगाने पाणी ओतत राहिला. पन्नाशीचा माणूस, सावनेरकडचा, माझ्या वडिलांसारखाच बारीक.

"जाऊ द्या म्याडम. मोठे लोक आहेत."

"तुम्ही उतरायचं नाही, रामाजी."

"माह्या हातात आहे काय ते?"

मी परत गेले. कुलूप ओढून पाहिलं. पक्कं होतं.

प्रताप नगरच्या आमच्या खोलीत शिरले तेव्हा आई पोळ्या लाटत होती. केस दोनदा धुतले होते, तरी तिने मान वर केली. लाटणं थांबलं. तो वास तिला ओळखीचा होता. तिने आयुष्यभर बाबांच्या बनियनमधून तो धुवून काढला होता.

आजोबांनी याच शहरात धम्मदीक्षा घेतली. मेलेली ढोरं ओढणार नाही म्हणाले आणि गाव सोडलं. आणि त्याच शहरात त्यांच्या मुलाला ठेकेदाराने दोर बांधून गटारात सोडलं. बाबांनी एकदा आपल्या जोडीदाराला आतून काढलं होतं. तो मेलेलाच निघाला. मी सेफ्टीचा डिप्लोमा केला तो त्या माणसामुळे. मला कोणत्याही खड्ड्याच्या वर उभं राहून 'थांबा' म्हणायचा अधिकार हवा होता.

मी सगळं सांगितलं. बाबा खाटेवर बसून ऐकत होते. 

"उद्या जाऊन राहिली काय तू?"

"जाऊन राहिली."

"मंग ठीक."

आईने पीठ चोळत विचारलं, "काहून जाते वं? तुले दुसरं काम भेटत नाही काय?"

मी म्हटलं, "मी नाही गेली तर तो झाकण उघडीन."

मी गेले. तरी त्याने उघडलं.

दुसराच दिवस होता. सकाळची फेरी चालू होती. मी बॉयलरकडे होते, कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला. आरडाओरडा ऐकू आला आणि मला पळता पळताच कळलं. टाकीवरचं झाकण बाजूला पडलेलं. साखळी कटरने कापलेली. छोटा सेठ काठावर. दोराचं एक टोक एका कामगाराच्या हातात, दुसरं टोक आत सैल लोंबत होतं.

"रामाजी आवाज देऊन नाही राहिला," दोरवाला म्हणाला. त्याने ओढला तर दोर रिकामाच वर येत होता.

आणि तेवढ्यात रामाजीचा धाकटा भाऊ किसना पॅकिंगमधून पळत आला. त्याने चप्पल काढून फेकली. तो उडी मारणार होता. मी मधे पडले, त्याला मिठी मारली. त्याने कोपर माझ्या तोंडावर हाणलं. माझा ओठ फाटला.

"सोड मले! माहा भाऊ मरून राहिला वं!"

गॅसच्या टाकीत एक जण पडला की त्याला काढायला दुसरा उडी मारतो. मग तिसरा. सगळे मरतात. किसनाला हे सांगायला वेळ नव्हता. बाजूला मोठा लोखंडी पाना पडला होता. मी तो उचलला आणि किसनाच्या गुडघ्यावर हाणला. होता तेवढा जोर लावून. हाड वाजलं. तो कोसळला आणि गुरासारखा ओरडायला लागला. मी दोघांना म्हटलं, "याच्या अंगावर बसा. उठू देऊ नका." ते बसले. किसना मला आईवरून शिव्या देत होता.

तोच पाना घेऊन मी स्टोअरकडे धावले. हवेचा सिलिंडर, मास्क, पट्टा, सगळं स्टोअरमध्ये कुलपात होतं. सरकारी साहेब आले की दाखवायला बाहेर काढायचे. चावी स्टोअरवाल्याच्या खिशात आणि तो सामान आणायला सीताबर्डीला गेलेला. मी कुलूप फोडलं. हाताची साल निघाली. कळलं नाही.

ब्लोअरचा पाइप आत सोडायला लावला. सिलिंडर पाठीवर घेतला, मास्क चढवला, पट्टा आवळला, दोर दोघांच्या हातात दिला. आणि मी उतरले. ज्या घाणीला आजोबा हात लावणार नाही म्हणाले, जिथे बाबांना उतरावं लागलं, तिथे मी उतरले. पण मास्क लावून.

आत अंधार आणि माझ्याच श्वासाचा आवाज. गाळ मांड्यांपर्यंत. मी हातांनी चाचपत गेले. आधी पंप लागला. मग खांदा. रामाजी पालथा होता. मी त्याचं तोंड वर केलं. तोंडात गाळ भरलेला. बोटांनी काढला तर आणखी आला. माझा पट्टा सोडून त्याच्या काखेतून घातला, खूण म्हणून दोर ओढला. तो वर गेला. त्याचे पाय माझ्या मास्कला घासून गेले.

दोर परत खाली आला. मी वर आले तेव्हा कोणीतरी त्याची छाती दाबत होतं. मी त्याला सरकवलं आणि स्वतः दाबायला लागले. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत दाबत राहिले. बरगड्या माझ्या तळहाताखाली कटकटत होत्या. किसना आता ओरडत नव्हता. जमिनीवर पडल्या पडल्या भावाकडे बघत होता.

रामाजी मेला.

दुपारी पोलीस आले, कारखान्यांचे सरकारी निरीक्षक आले. त्यांनी काही विचारायच्या आधी छोट्या सेठने मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं.

"तो दारू पिऊन होता. स्वतःहून उतरला. तू झाकण उघडं ठेवलं होतं, हे मी पोलिसाइले सांगत नाही. एवढी मेहरबानी करतो तुझ्यावर. फक्त म्हन, स्वतःहून उतरला."

"टाकी मी बंद केली होती. तुम्ही साखळी कापायला लावली."

त्याने माझा गळा धरला. मला भिंतीला दाबलं. माझ्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. तो माझ्या जातीचं नाव घेऊन बोलत होता, माझ्या बापाचं, गटाराचं, आणि मी कुठे असायला पाहिजे होते त्याचं. त्याची थुंकी माझ्या चेहऱ्यावर उडत होती. "म्हन. स्वतःहून उतरला, म्हन."

माझ्या आत काही तुटलं नाही. उलट काहीतरी बसलं. घट्ट, जागच्या जागी. मी मान वळवली आणि त्याच्या मनगटात दात रोवले. सोडले नाहीत. तो किंचाळला, दुसऱ्या हाताने माझ्या कानशिलात मारत राहिला. एकदा. पुन्हा. मी सोडले नाहीत. तोंडात रक्त आलं. माझं की त्याचं, माहीत नाही. त्याचा हात गळ्यावरून सुटला तेव्हाच मी सोडलं.

दार उघडून बाहेर आले. अंगणात सगळे उभे होते. निरीक्षक, पोलीस, कामगार. मी रक्त थुंकलं आणि मोठ्याने बोलले. "रामाजी स्वतःहून उतरला नाही. त्याले उतरवलं. टाकी मी बंद केली होती. या माणसानं साखळी कापायला लावली. आणि आता खोटं बोल म्हणून माहा गळा दाबला. पाहा."

मी ओढणी काढून गळा दाखवला.

निरीक्षकांनी पुढे येऊन पाहिला.  मग ज्याच्या हातात रामाजीचा दोर होता तो म्हणाला, "कटर मीच चालवला साहेब. सेठनं सांगतलं म्हणून." आणि रडायला लागला.

नोकरी गेली. केस उभी आहे, गळ्याची, जातीवरून दिलेल्या शिव्यांची आणि रामाजीच्या जिवाची. सेठकडचा एक माणूस घरी येऊन गेला. म्हणाला, पोरीले समजवा, दोन शब्द माफीचे दोन्हीकडून, कामावर परत घेतील. बाबांनी त्याला पाणीही विचारलं नाही. उंबऱ्यावर उभं ठेवूनच परत पाठवला.

किसनाचा गुडघा नीट जुळला नाही. तो लंगडतो. मी भेटायला गेले तर तोंड फिरवलं. म्हणाला, "तू मले जाऊ दिलं असतं तर."   त्याने मला आयुष्यभर शिव्या दिल्या तरी चालेल. तो शिव्या द्यायला जिवंत आहे.

मला दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं आहे. पहिल्याच दिवशी मालकाने आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग मीही सांगितलं की मी कोण आहे, कोणाला चावले आणि कोणाचा गुडघा फोडला. त्याला नको असेल तर आत्ताच नको म्हणावं. त्याने हजेरीच्या वहीत माझं नाव लिहिलं.

मी रोज फेरी मारते. माफी मागणार नाही, माफ करणार नाही. तारखेला कोर्टात जाईन, दुसऱ्या तारखेला जाईन, ते थकतील तोवर जाईन. आणि मी जिथे काम करते तिथे कोणीही माणसाला मरणात उतरवणार नाही. ज्याला उतरवायचं असेल त्याने आधी मला मारावं. मी मार खाऊन गप्प बसणाऱ्यांतली आता नाही.