घर रिकामं करा

ऐंशीनंतरची काही वर्षं मी अहेरीकडे मलेरिया खात्यात फवारणीचं काम केलं. दिवसभर हातात पंप, नाकात डीडीटीचा वास. घास तोंडात घातला तरी कडू लागायचा. आदल्या दिवशी वस्तीत जाऊन सांगायचं, "उद्या घर रिकामं करून ठेवा." भांडीकुंडी, धान्य, अंथरूण अंगणात आलं की आम्ही भिंती फवारायचो आणि झाल्याची खूण म्हणून दारावर तारीख घालायचो. हजारदा म्हटलेलं वाक्य, त्यात काय विचार करायचा?

जंगल तोडून वसवलेल्या बंगाली निर्वासितांच्या एका वस्तीतही मी तेच सांगून आलो. सकाळी गेलो, तर एका घराचं सामान नुसतं बाहेर काढलेलं नव्हतं, बांधून ठेवलेलं होतं. गाठोड्यावर पन्नाशीची एक बाई बसली होती. घामानं निथळत होती, हात छातीशी.

"भाऊ, आता कुठी नेऊन राह्यले आमाले?" तिनं विचारलं.

मी हसलो. त्या हसण्याची आजही लाज वाटते.

तिच्या नवऱ्यानं सांगितलं, सीमा ओलांडून आल्यावर दोन छावण्यांतून त्यांना असंच उठवलं होतं. इथं येऊन पंधरा वर्षं झाली, तरी सरकारी माणूस दिसला की हिची छाती धडधडते, झोप उडते, आठवडाभर अन्न जात नाही. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, दुखणं काही सापडलं नाही. आम्ही फवारून गेल्यावरही तिनं आठ दिवस गाठोडं सोडलं नाही म्हणे.

पुढच्या फेरीला मी शहाणपणा केला. "तुमचं घर राहू द्या," म्हणालो, आणि भिंतीला थेंबही न लावता दारावर तारीख घातली. बाई पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. पुढच्या दोन फेऱ्यांनाही मी तेच केलं. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. शिवाय एका घराचं काम वाचायचं.

पावसाळा सरता सरता ती तापानं फणफणली. फवारणी नसली की दवाखान्यात रक्ताचे नमुने घ्यायचं काम माझ्याकडे असायचं; तिचं बोट टोचून रक्त मीच काचेवर घेतलं. मलेरिया डोक्यात गेला होता, ती कुणाला ओळखत नव्हती. नवरा खाटेपाशी उभा होता.

डॉक्टरांनी मला विचारलं, "यांच्या घरी फवारणी झाली होती ना?"

माझं तोंड उघडायच्या आत नवराच म्हणाला, "झाली ना जी. दरवेळी झाली. हे भाऊ लय चांगले आहेत."

मी रक्ताच्या काचेवर तारीख घातली.