शनिवारी परत गेलेलं रीळ

माझ्या मामांचं लहानपण ज्या विहिरीवर गेलं, ती विहीर वर्षातला बहुतेक काळ पाण्याखाली असते. जायकवाडीचं धरण झालं तेव्हा नेवाशाकडची त्यांची नदीकाठची जमीन फुगवट्यात गेली, विहिरीसकट. मामांना तेव्हा नुकतं मिसरूड फुटत होतं. पुढे गाव वर सरकलं, मामांनी माळावर घर बांधलं, संसार केला, पोरगा शिकवला. पण उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की विहिरीचं दगडी तोंड उघडं पडायचं आणि मामा रोज संध्याकाळी काठावर जाऊन बसायचे. "हजेरी लावून येतो," असं मामीला सांगायचे.

विहिरीपर्यंत चालत जायची सोय नाही. मध्ये गाळ आहे, आणि तो माणूस गिळणारा गाळ आहे. एकदा एक म्हैस रुतली तर अख्खं गाव दोर घेऊन जमलं होतं. तराफ्यावरून जावं तर विहिरीभोवती पाणवेलींचं रान. मामा काठावरून नायलॉनच्या तंगुसाचा गळ हातानं गरगर फिरवून टाकायचे, तो अर्ध्यातही पोचत नसे. मी म्हणायचो, "मामा, मरळच पाहिजे ना? नेवाशाच्या बाजारातून आणून देतो."

"मला मासा नको रं," मामा म्हणाले. "त्या हिरीत काही टाकलं ना, की येगळाच आवाज यायचा. आमी पोरं दगड टाकायचो आन् आबा चिंचंच्या फोकानं झोडपायचे. तो आवाज मला एकदा ऐकायचा हाय. जायच्या आधी."

जायच्या आधी म्हणजे पुण्याला जायच्या आधी. पोरानं तिकडे फ्लॅट घेतला होता. मामांची शुगर वाढलेली, डोळ्यांची तक्रार सुरू झालेली, आणि आखाड लागला की दोघांनी कायमचं पुण्याला यायचं असं पोरानं ठरवून टाकलं होतं. मामांनी मान डोलावली होती, पण मनातून ते अजिबात राजी नव्हते. जाण्याआधी आबांच्या, म्हणजे त्यांच्या वडिलांच्या, विहिरीत एकदा गळ टाकायचा, एवढाच त्यांचा हट्ट.

त्यात मामांच्या हाती मोबाईल आला आणि त्यावर अमेरिकेतली माणसं बास नावाचा मासा धरताना दिसू लागली. "ही आपल्या मरळीच्याच भावकीतली दिसतीय," असं मामांचं मत. ती माणसं काठीच्या वर बसवलेलं एक बुटकं रीळ वापरत. अंगठा फिरकीवर ठेवायचा, काठी झटकायची आणि अंगठा सैल सोडायचा. आमिषाचा रबरी बेडूक वेलींच्या फटीत, नेमका पाहिजे तिथे पडायचा. जाड दोरा त्या रिळावर चालतो, वेलीत अडकला तरी तुटत नाही. याला बेटकास्टर म्हणतात. मामांनी तो व्हिडिओ मला किती वेळा दाखवला असेल, देव जाणे. शेवटी मी म्हणालो, "घेऊ मामा. माझ्याकडून."

इथेच सगळं घोडं अडलं, कारण मी कोण? सुप्याच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. आलेला प्रत्येक नग उलटसुलट करून बघायचा आणि त्यात खोट काढायची, याचाच मला पगार मिळतो. बायको म्हणते, आमचे हे कोथिंबिरीच्या जुडीलासुद्धा व्हर्निअर लावतील. खोटं नाही ते.

नगरला एका दुकानात तसलं रीळ होतं. मी हातात घेतलं, मूठ फिरवली, ती जरा हलत होती. दुकानदार म्हणाला, या भावात याहून चांगलं मिळणार नाही. मला तर त्याचा रागच आला. भाव ऐकून म्हटलं, मोबाईलवर याच पैशात ॲल्युमिनियमचं अंग मिळतंय, मग हे का घ्यावं? मामांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "दुकानातलंच घे की. हातात तर येईल."

"मामा, गडबड करू नका. स्वस्त घ्यायचं म्हणून भंगार घ्यायचं नाही."

मग मी लागलो मागे. ब्रेक लोहचुंबकाचा की नुसता घर्षणाचा, गिअर जलद की सावकाश, मूठ डावीकडे की उजवीकडे. रात्रीचं जेवण झालं की मी मोबाईल घेऊन बसायचो आणि दुसऱ्या दिवशी मामांना शिकवणी द्यायचो. "बेअरिंग पोलादाचं पाहिजे, मामा. अस्सल स्टील. प्लॅस्टिकचं असलं तर फुकट दिलं तरी घ्यायचं नाही. आणि चांगल्या रिळासोबत तेलाची बाटलीही येते, बेअरिंगला सोडायला."

"तेल बी देत्यात? लई भारी," मामा म्हणायचे. मग हळूच विचारायचे, "पन येनार कधी?"

चैत्र गेला, वैशाख गेला. विहीर उघडी पडून मामांची हजेरी रोज चालू होती. शेवटी एक रीळ माझ्या सगळ्या कसोट्यांना उतरलं, वर सवलतही लागली. मामांनी स्वतःच्या हातानं खोकं उघडावं म्हणून पत्ता त्यांचा दिला. वार बघायचं मात्र सुचलं नाही.

आमच्या भागात शनिवारी लोखंड आणि तेल विकत घेऊन घरात आणत नाहीत. साधा खिळासुद्धा नाही. शिंगणापूर एवढ्या जवळ असताना कोण कशाला विषाची परीक्षा घेईल? मी स्वतः शनिवारी गाडीचं इंजिन ऑईल बदलत नाही, मग दुसऱ्याला काय सांगणार.

दुपारी कंपनीत मामांचा फोन आला. "भाचेबुवा, तुमचं रीळ आलं हुतं."

"आलं होतं म्हणजे? आता कुठंय?"

"परत लावलं. कुरियरवाल्याला म्हनलं, सोमवारी आन. आज शनवार हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो मामा, ॲल्युमिनियम आहे ते. लोखंड कुठंय त्यात?"

"आन् आतलं बेअरिंग?"

मी हातातला नग टेबलावर ठेवला.

"तूच म्हनला हुतास ना, अस्सल पोलाद. आन् वर तेलाची बाटली. दोन्ही एका खोक्यात आन् वार शनवार. पोरानं पुन्यात नवं घर घेतलंय रं. माझ्या एका हौसंपायी त्याच्या मागं कशाला साडेसाती लावू?"

माझीच शिकवणी होती ती, आणि मामांनी ती शब्दन् शब्द ध्यानात ठेवली होती.

सोमवारी कुणी आलं नाही, मंगळवारीही नाही. मोबाईलवर बघितलं तर 'ग्राहकाने नाकारले' असा शेरा मारून खोकं परत गेलेलं, आणि सवलतही संपलेली. मग मी नाक मुठीत धरून नगरच्या त्याच दुकानात गेलो. ते हलत्या मुठीचं रीळ विकलं गेलं होतं. दुकानदारानं माझ्याकडे बघून, "मागवावं लागेल साहेब," एवढंच सांगितलं. आलं तेव्हा आखाड लागला होता.

सुट्टी बघून, वार बघून, मी रीळ घेऊन मामांकडे पोचलो. आमच्याकडे पावसाचा टिपूस नव्हता, रस्त्यात नुसता फुफाटा. पण तिकडे नाशकाची धरणं भरली होती आणि गोदावरीला पाणी सोडलं होतं. वर कोरडं आभाळ आणि खाली पाणी चढतंय, असं आमच्याकडे दरवर्षी होतं. मला ते माहीत होतं, म्हणून गाडी जरा जोरातच हाकली. आम्ही काठावर गेलो तेव्हा विहिरीच्या जागी सगळं सपाट पाणी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

मामांनी रीळ हातात घेतलं, मूठ फिरवली, फिरकीला कान लावला. मग विहीर असायची त्या बाजूला एकदा काठी झटकली. अंगठा दाबायला उशीर झाला, दोऱ्याचा असा गुंता झाला की पोरीबाळींच्या न विंचरलेल्या केसांचाही होत नसेल. तो सोडवत मामा काठावर बसले. दोन दिवसांनी सामानाचा टेम्पो पुण्याला गेला.

पुढच्या उन्हाळ्यात मी पुण्याला गेलो, तर मामा घरात नव्हते. मामी म्हणाली, "खाली पार्किंगात बघ. रोजचंच हाय त्यांचं." खाली गेलो. एका टोकाला मामा, दुसऱ्या टोकाला निळी बादली, अर्धी पाण्यानं भरलेली. रबरी बेडकाचे गळ त्यांनी काढून टाकले होते. मामांनी काठी झटकली. बेडूक दोन गाड्यांच्या मधून गेला आणि बादलीत पडला. परत झटकली, परत बादलीत. एकदाही दोरा गुंतला नाही. म्हातारपणी, पाण्यापासून एवढ्या लांब, जिच्यापायी मी रिळाच्या नादी लागलो होतो ती नेमकी कला मामांच्या अंगठ्यात येऊन बसली होती. वॉचमन खुर्ची सरकवून कौतुकानं बघत होता.

"बादलीचा आवाज काय खरा न्हाई," मामा मला बघून म्हणाले. "हीर उघडी पडली का?"

"पडली. उद्या चला, मी गाडी आणलीय."

मामांनी बोटांवर वार मोजला. "उद्या शनवार."

"अहो, विकत काही घ्यायचं नाही. नुसतं जायचं न् यायचं."

"शनवारी पान्यातल्या जिवाला कशाला तरास? पुढच्या खेपेला जाऊ."

मी वैतागलो. रविवारी माझी ड्युटी होती. एक दिवस खाडा केला असता तर कंपनी काही बुडणार नव्हती. पण मी, "तुमचा शनिवार तुम्हाला लखलाभ," असं काहीतरी पुटपुटलो आणि चहा पिऊन निघालो.

पुढची खेप आलीच नाही. दिवाळीआधी मामांच्या डोळ्यांत रक्त उतरलं, आधी एका आणि मग दुसऱ्या. शुगरमुळे पडदाच गेला, असं डॉक्टर म्हणाले. आता त्यांना उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. पायही साथ देत नाहीत. मामीनं रीळ कापडात गुंडाळून माझ्याकडे दिलं. "हितं कोनाला उपेग?" म्हणाली.

या उन्हाळ्यात विहीर उघडी पडली तसा मी काठावर गेलो. मामांना फोन लावला, स्पीकर चालू करून मोबाईल दगडावर ठेवला. काठी झटकली. बेडूक वेलीत पडला.

"पडला मामा, विहिरीत," मी म्हणालो.

"न्हाई पडला. फसवू नको. अंगठा लवकर दाबतोस तू. परत टाक."

परत टाकला. पुढे गेला. परत टाकला, गुंता झाला. मामा तिकडून न कंटाळता सांगत होते, सैल सोड, हात ताठ ठेवू नको, फिरकीचं ऐक. मी घामाघूम झालो. आणि मग एकदा, माझ्या नकळत म्हणावं असा, बेडूक दगडी कठड्यावरून आत गेला आणि तो आवाज आला. खोल, जाड, थोडा वेळ आतच घुमत राहिलेला. मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

"मामा, ऐकलं?"

मोबाईल गप्प होता. काठावर रेंज येते-जाते, फोन कधी कट झाला मला कळलंच नव्हतं. मी माळावर पळत गेलो, परत लावला.

"पडला का?" मामांनी विचारलं.

"पडला मामा. खरंच पडला."

"व्हय? कसा वाजला?"

मी माळावर उभा राहून तोंडानं तो आवाज काढून दाखवला. एकदा काढला, मग जरा जाड करून पुन्हा काढला.

"तशी न्हाई वाजत ती हीर," मामा म्हणाले आणि त्यांनी फोन मामीकडे दिला.