पेनसिल्व्हेनियात कॅनडाचा गोल

मंडळी, आज रविवार, दुपारचे तीन. कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून माल घेऊन आलेला मी पेनसिल्व्हेनियातल्या एका ट्रक स्टॉपवर सूप पीत होतो. टीव्हीवर आइस हॉकी, कॅनडा विरुद्ध अमेरिका. कॅनडाचं राष्ट्रगीत लागलं आणि तिथल्या ड्रायव्हर लोकांनी हुर्यो उडवली. मी मान खाली घातली.

पण कॅनडाने गोल केला आणि माझ्या तोंडून आरोळी निघून गेली. सगळे वळले. एक दांडगा ड्रायव्हर खुर्ची ओढत जवळ आला. "काय रे, तू कुठला?"

खिशात कॅनडाचा पासपोर्ट. नागरिकत्वाची शपथ घेऊन वर्षही झालं नाही. बाहेर ट्रकला कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताची नंबरप्लेट.

"इंडियाचा," मी म्हणालो.

"मग हॉकीत तुझं काय जातंय?"

सगळे हसले. मीही हसलो. अमेरिकेने गोल केला तेव्हा टाळ्यासुद्धा वाजवल्या.

आता ट्रकची दारं लॉक करून बसलोय. मघाशी बायकोचा फोन आला. "अहो, पाहिलंत का? पिल्लू कॅनडाचा लाल टीशर्ट घालून नाचतेय. म्हणतेय, बाबाला सांग, आपण जिंकलो!"

"नंतर बोलतो," म्हणून मी फोन ठेवला.

उद्या पुढच्या स्टॉपवर कोणी पुन्हा "तू कुठला?" विचारलं तर? तुम्ही काय सांगता?